अण्णांचा पयला नंबर

आजवर कुणापाशी बोललो नाही ते सांगून टाकतो. शेजारच्या शिवाप्पाअण्णांना मी एक नंबर दिला, आणि तो मनानंच ठोकून दिलेला होता.

अण्णांना नंबराशिवाय चालत नाही. शाहूपुरीत त्यांनी जन्मभर शेतीपंपांच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या. कुठला पंप पाणी लांब फेकतो, हेच त्यांचं जगाचं माप. पंगतीत जिलब्या किती रिचवल्या, त्यावर नंबर. सकाळी रंकाळा तलावावर चालताना पुढच्याला मागं टाकलं की नंबर. तो बिचारा फिरायला आलेला असतो, आपण शर्यत हरलो हे त्याच्या गावीही नसतं. मयताहून आले तरी सांगणार, "चौघांत माझाच खांदा हालला न्हाय बघ!"

मी स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे. निरोगी हृदयाच्या आत रक्त कसं फिरतं, वयानं आणि बाई-पुरुष असण्यानं त्यात काय फरक पडतो, याचा आमच्या डॉक्टरबाई अभ्यास करताहेत. उद्या एखाद्या म्हातारीच्या धडधाकट हृदयाला तरण्या पोराचं माप लावून कुणी आजारी ठरवू नये, म्हणून. त्यांना सगळ्या वयांची ठणठणीत माणसं हवी होती. गेल्या महिन्यात मी अण्णांना आणि त्यांच्या मंडळींना, गौराक्कांना, घेऊन गेलो.

स्कॅननंतर बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. कॉलेजातल्या एका पोराच्या हृदयात रक्त मुसंडी मारून शिरत होतं आणि गरगर भोवरा घेत होतं. या दोघांचे भोवरे वयाप्रमाणं शांत, आणि एकमेकांहून वेगळे. "दोघंही अगदी निरोगी," असं म्हणून बाई पुढच्या कामाला गेल्या.

अण्णा खुर्चीवरून उठेनात. "निरोगी ते झालं. पयलं कोण?"

"अण्णा, यात नंबर नसतो."

"मग एवढं मशीन कशाला घेतलंय? भजी तळायला?"

बाहेर माणसं ताटकळलेली. गौराक्का हसत म्हणाल्या, "सांग बाबा कायतरी, न्हायतर हितंच मुक्काम ठोकतील."

"तुम्ही पहिले," मी म्हणालो. "अक्का दुसऱ्या."

अण्णा आता साऱ्या सेंटरला ओरडून सांगतील असं वाटलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि अक्कांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

त्यानंतर अण्णा रंकाळ्यावर दिसेनात. अक्का कुंपणावरून तक्रार करू लागल्या, "भांडी घासू देत न्हाईत, जिना चढू देत न्हाईत. मला काय झालंय रं?" मी हसण्यावारी नेलं.

काल सकाळी पानपट्टीच्या मागं अण्णा दिसले आणि मी जागच्या जागी थिजलो. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेला हा माणूस बिडी ओढत होता. ओढतोय कसला, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढत होता.

"अण्णा! हे काय?"

"नंबर खाली आणतोय." पुन्हा खोकल्याची उबळ. "पयला ऱ्हाऊन करू काय? ती दुसरी, म्हंजे आधी ती जाणार. मागं ऱ्हाऊन मी भांडू कुणासंगट? बरोबरीत आलो म्हंजे मिटलं. तिला बोलू नगंस."

बिडी हिसकून मी पायाखाली चिरडली. वयानं भोवरा शांत होतोच, बाईचं हृदय वेगळं चालतं म्हणून कमजोर नसतं, दोघंही ठणठणीत आहात, पहिला-दुसरा असं काही नाहीच, असं घाईघाईनं सांगत सुटलो.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समजूत काढतोयस व्हय? भला माणूस हायस, सुऱ्या. पर मशीन बघून तूच सांगितलंस न्हवं?"

तिथं एकच वाक्य पुरलं असतं: मशीन काही बोललं नाही, मी खोटं बोललो. पण नुकतंच भला माणूस म्हणवून घेतलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. अण्णांनी खिशातून दुसरी बिडी काढली आणि मी कामाला उशीर होतोय म्हणून निघून आलो.

अक्कांच्या समोर बसून ते वाक्य अण्णांना सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.