नेटची बारी लावणारे वामनकाका

आमच्या डोणगावच्या गल्लीत दिवेलागणीला शिट्टी वाजते. पाठोपाठ आरोळी येते, "व्हिडिओवाले बंद! आता बोलणाऱ्याईची बारी!" नवा पाहुणा दचकतो. आम्ही मात्र निमूट मोबाईल पालथा घालतो. निमूट म्हणजे मनातल्या मनात शिव्या देत.

ही शिट्टी वामनकाकांची. त्यांची हयात कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. कोणाच्या वावरात किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस निवृत्त झाला म्हणून स्वस्थ बसेल कसा? बसतच नाहीत. चहासुद्धा अंगणात फेऱ्या मारत पितात. अर्धा ते पितात, अर्धा अंगण पितं.

गल्ली सखलात, टॉवर टेकाडापलीकडे. दिवसभर वावरात असलेली मंडळी घरी आली की सगळी एकदम मोबाईलवर तुटून पडतात आणि नेटचा जीव जातो. काकांच्या मते यात नवल काहीच नाही. "पाट अरुंद हाय सर. वरच्यानंच धरून ठेवलं त शेवटच्या वावराले काय जाईन? बारी लावाच लागते." मग त्यांनी ती लावली. बोलणाऱ्यांची वेगळी, बिलं भरणाऱ्यांची वेगळी, रील पाहणाऱ्यांची जेवणं झाल्यावर. मी शाळेत मास्तर, म्हणून मला अभ्यासासाठी जादा वेळ मिळतो. त्यात मी क्रिकेट पाहतो हे काकांना ठाऊक आहे, आणि ते खिडकीतून डोकावून खात्रीही करून घेतात.

एकदा टॉवर दुरुस्तीला एक इंजिनिअर आला. काकांनी त्याला धरून ओट्यावर बसवलं. त्याने सांगितलं, की टॉवर आपल्या वाट्याच्या लहरींचे बारीक बारीक पट्टे पाडतो. नुसतं बोलणाऱ्याला अरुंद देतो, व्हिडिओवाल्याला रुंद देतो, आणि गरज बदलली की लगेच वाटप बदलतो. काका हरखले. "म्हणजे बारीच की!" मग एकाएकी चेहरा पडला. "पण बाप्पा, त्या मशीनले काय मालूम, कोणाचं वावर वाळून राह्यलं?" इंजिनिअर चहा न घेताच सटकला.

वाळत होतं ते काकांचंच. बायको गेल्यापासून घरात एकटे. मुलगी वैशाली सुरतेला. दर रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आवाज येतो, पण चित्र येत नाही. पडदा काळा तो काळाच. लेकीचं तोंड एकदा पाहायचं, एवढ्यासाठी रविवारी साऱ्या गल्लीचं नेट बंद. "एक डाव दिसू द्या तिले," म्हणतात, "मंग रातभर नाचा."

मागच्या रविवारी सामना शेवटच्या षटकात आला होता आणि खिडकीतून हुकूम आला, "सर, बंद!" माझं टाळकं फिरलं. तणतणत मी त्यांच्या घरी गेलो. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, मोबाईल तांब्याला टेकवलेला, असा काकांचा थाट. पण बूड टेकत नव्हतं. घडीघडी उठून दारातून पाहत होते, कोणी चोरून व्हिडिओ तर लावला नाही ना. पडदा काळा होता, आणि त्यातून वैशालीचा आवाज खणखणीत येत होता.

"नेट कमी पडते बाई, दिसत नाहीस तू," काका सांगत होते.

"हाव बाबा," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. नेट भरपूर होतं. तिच्या बाजूने कॅमेऱ्याच्या चिन्हावर काट मारलेली होती.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काका, नेटचा काही दोष नाही. तिनेच कॅमेरा बंद ठेवलाय."

"मालूम हाय मले."

"मग अख्ख्या गल्लीला का वेठीला धरता?"

काका पहिल्यांदाच एका जागी बसले. "तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तवा मीच म्हटलं होतं, मेलो तरी तोंड दाखवू नको. पोरगी लहानपणापासून शब्दाची पक्की हाय."

"मग सरळ सांगा ना, चुकलो म्हणून."

"दर डाव ओठावर येते सर. अन् तोंडातून नेटचंच निघते." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण एखाद्या रविवारी तिले वाटलं, तिनं चालू केला, अन् नेमकं तवाच नेट नसलं त?"

मला त्यांचा रागही आला आणि भडभडूनही आलं.

काल रविवार होता. मी सामना लावलाच नाही, काकांकडे जाऊन बसलो. आठवडाभर तापाने पडून होते, तरी सदरा धुतलेलाच. फोन आला. पडदा काळा. नेटचं बोलून झालं, सुरतेच्या उकाड्याचं बोलून झालं. मग तिने विचारलं,

"बाबा, दाढी काऊन वाढवली? गळल्यासारखे दिसून राह्यले तुम्ही. बरं नाही का?"

काकांचा हात डोळ्यांकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिला दिसलं असतं. मग तोच हात त्यांनी हनुवटीवरून फिरवला.

"हाव बाई," ते म्हणाले, "उद्या करतो."