सुभद्राकाकीची हरकत

सुभद्राकाकी पोस्टमनला नाव-गाव विचारल्याशिवाय पायरी चढू देत नाही. हा पोस्टमन तिचा सख्खा भाचा. त्याने एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "भाचा घरी. पिशवी खांद्याला लावलीस की तू सरकारचा."

महाडजवळचं नाते गाव सोडून थोडं पुढे गेलं की आत वळणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी आहे. वाडीतलं पहिलं घर काकीचं. काका गेले, मुलगा डोंबिवलीला. पडवीत वाल सोलत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची, हा तिचा दिवस. तोंडी एकच वाक्य, "ह्यात कायतरी हाय." एसटी वेळेवर आली तरी ह्यात कायतरी हाय. जावयाने न सांगता साडी आणली, तर ती तिने चार महिने घडी न मोडता ठेवली. महाडच्या डॉक्टरने हसून तब्येत विचारली म्हणून त्याच्या गोळ्या घेतल्याच नाहीत.

रस्त्यापलीकडे, अगदी समोर, तिची थोरली जाऊ पार्वतीकाकी राहते. तीही एकटीच. वाटणीच्या वेळी सासूचा पाटा एकीकडे गेला आणि वरवंटा दुसरीकडे. दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नाही, आणि तेव्हापासून बोलणं बंद. दोघी मिक्सरवर वाटण वाटतात.

पार्वतीकाकीच्या घराला लागून एक मोठं शेत आहे. मालक वाडीतलाच, पण ठाण्याला स्थायिक झालेला. त्याच्या मनात तिथे मंगल कार्यालय काढायचं आलं. त्यासाठी जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करायची, आणि लग्नसराईत गाड्या वाढल्या तर आमच्या अरुंद रस्त्याला त्या झेपतील का, याचा अहवाल द्यायचा. हे काम महाडच्या ज्या ऑफिसात मी नोकरी करतो तिथेच आलं. साहेब म्हणाले, तुझंच गाव आहे, तूच जा, लोक सहकार्य करतील.

साहेबांना सुभद्राकाकी माहीत नव्हती.

मी विजेच्या खांबाला कॅमेरा बांधताना ती खाली येऊन उभी राहिली. कुणाच्या घरात बघतो हा, म्हणून विचारलं. मी समजावलं, काकी, घरात नाही, रस्त्यावर बघतो. आज किती गाड्या जातात ते मोजायचं, मग कार्यालय झाल्यावर किती जातील त्याचा अंदाज बांधायचा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जी गाडी अजून आलीच नाय ती तू मोजणार, आणि तुझा साहेब त्याचा तुला पगार देणार? मग माझी आई कोण, माझं लग्न कुठे झालं, हे सगळं तिने पुन्हा नव्याने विचारलं. ह्याच काकीने मला लहानपणी अंगणात आंघोळ घातली आहे.

संध्याकाळी ऑफिसात आम्ही चित्रीकरण लावलं. सुरुवातीला दोन रिक्षा आणि एक टेम्पो दिसला. त्यानंतर दिवसभर एक हिरवं नऊवारी लुगडं वाऱ्यावर हलत होतं. काकीने कॅमेऱ्यासमोर दोरी बांधून धुणं वाळत घातलं होतं. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला सांगितलं की उद्या खुर्ची घेऊन जा आणि हाताने मोज.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्या शेजारी पाट टाकून बसली. मी वहीत गाडीची खूण केली की ती वाकून बघायची. म्हैस मोजणीत का धरली नाही यावरून आमचा वाद झाला. दुपारी तिने चहा आणून दिला. आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवला, म्हणजे मला संशय नको.

पुढे ग्रामसभा झाली, शाळेच्या पटांगणात. साहेबांनी नकाशा लावला आणि सांगितलं की रस्त्यावर फारसा ताण येणार नाही, कार्यालयाचं गेट पार्वतीकाकीच्या घरालगत ठेवता येईल. पोरांना कामं मिळतील म्हणून वाडी खूश होती. कुणाची हरकत आहे का, असं सरपंचांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या माना सुभद्राकाकीकडे वळल्या. काहीजण आधीच हसायला लागले.

ती उठली. पदर सारखा केला. पार्वतीकाकी पुढच्या रांगेत बसली होती आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"कार्यालय करा," सुभद्राकाकी म्हणाली. आवाज इतका हळू की साहेब दोन पावलं पुढे आले. "गेट तेवढं मागल्या अंगाला न्या. माझ्या जावेला गाडी ऐकू येत नाय."

पुढच्या रांगेत पार्वतीकाकीने यालाही मान हलवली.

आमच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. आता आठवलं, काहीही विचारलं तरी पार्वतीकाकी हसून "होय तर" म्हणायची, आणि आम्हाला तो तिचा स्वभाव वाटायचा. साहेबांनी नकाशा गुंडाळायला घेतला होता, तो परत उलगडला. मालकाने थोडी कुरकुर केली, पण मागे जागा होती. गेट मागे गेलं, आणि दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर गतिरोधकही आला.

त्या दिवशी सभा संपल्यावर पार्वतीकाकीने मला बाजूला ओढलं आणि ती माझ्याबद्दल काय बरळली म्हणून विचारलं. मी सुभद्राकाकीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दटावलं. मी पार्वतीकाकीला हाताने खूण केली, काही नाही. तिचा विश्वास बसला नाही. रागाने पुढे चालायला लागली.

मी आणि सुभद्राकाकी मागून निघालो. मी विचारलं, तुम्ही दोघी तर बोलत नाही, मग तुला कसं कळलं?

"गेल्या साली पडवीतून तिला चांगल्या शिव्या घातल्या," काकी म्हणाली. "फिरली नाय. मला वाटलं माज आला. मग आनखी घातल्या. तरी कोंबड्यांना दाने टाकत उभीच." थोडं चालली. "पारू शिव्या ऐकून गप बसनारी बाय नाय रे."

मग तिला सांगत का नाहीस, डॉक्टरकडे ने, मी म्हणालो.

"तिला वाटतंय कोनाला ठावं नाय. वाटू दे अजून थोडं. पुढल्या महिन्यात माझा पोरगा येतोय, तो नेनार तिला महाडला. मी सांगितलं म्हनून कळता नये."

मागून मोटारसायकलचा आवाज आला. काकी बोलता बोलता चार पावलं झपाझप पुढे गेली, पार्वतीकाकीच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला झाली आणि मागे न बघता हात आडवा धरला. मोटारसायकल लांबून वळसा घालून गेली. पार्वतीकाकीला शेजारी सावली दिसली तशी तिने तोंड फिरवलं आणि चाल वाढवली. सुभद्राकाकीनेही वाढवली.