खिडकी भाड्याने देणे नाही

घर भाड्याने द्यायचंय? मग इकडेतिकडे भटकू नका, सरळ मला विचारा! पहिल्यांदाच भाड्याने देण्यासाठी घर विकत घेणाऱ्याने काय करावं, काय टाळावं, सगळं मला तोंडपाठ आहे. ज्या घरात आपण राहणार नाही, त्यात जीव अडकवायचा नाही. घर म्हणजे दुभती म्हैस, तिला आंजारत-गोंजारत बसायचं नाही! आणि मालकाने एजंटला तोंड दाखवायचं नाही, भाव उतरतो. हे सगळं ज्ञान माझ्या मेहुण्याचं. तो तोंड उघडतो ते टक्क्यांनीच, म्हणून घरात त्याला टक्केमास्तर म्हणतात.

आता थोडं मागे जातो. लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला छातीठोक सांगितलं होतं, "दोन वर्षांत मोठ्या खिडकीचं घर घेतो, बघच तू!" त्याला झाली बावीस वर्षं. आमच्या दोन खोल्यांतली स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात बाहेर काढला की भिंतीला लागतो. त्या भिंतीवरच्या पाइपला कुठे कुठे गंज चढलाय, हे बायकोला पाठ आहे. रोज त्या पाइपकडे बघत ती भाजी चिरते. तक्रार एकदाही केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

आणि शेवटी मी घर घेतलं, तेही तिच्या नावावर, पण कोणासाठी? भाडेकरूसाठी! बघायला गेलो तेव्हा ओट्याशेजारी ही एवढी भिंतभर खिडकी. खाली बसचं वळण, पलीकडे शाळेचं मैदान, झाडावर कावळ्याचं घरटं. बायको बघतच राहिली.

"चल गं," मी म्हटलं, "जीव अडकवू नकोस. हे भाडेकरूचं आहे!"

"हो," ती म्हणाली आणि खिडकीवरची धूळ बोटाने पुसून निघाली.

मी दिवसभर गोदामात स्टोअरकीपर, त्यामुळे एजंटशी फोनवर बोलायचं काम तिच्याकडे दिलं. चार महिने झाले, भाडेकरूचा पत्ता नाही! टक्केमास्तर भडकले, "एजंट लबाड आहे! तुम्ही गिऱ्हाईक बनून जा आणि रंगेहाथ पकडा!"

गेलो. अर्धी रजा टाकली, डोक्यावर टोपी चढवली, डोळ्यांवर बायकोचा गॉगल, आणि आवाज असा घोगरा केला की माझा मलाच ओळखू येईना.

एजंट म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि त्याला लटकलेला किरकोळ माणूस. दार उघडता उघडताच म्हणाला, "साहेब, घर सोन्यासारखं आहे, पण मालकीण महाकठीण!"

"का बरं?"

"एक जोडपं आलं. नवरा खिडकीत पाय ठेवून बुटाची नाडी बांधायला लागला. नकार! मग एक नर्सबाई. रात्रपाळीची, म्हणजे दिवसा झोपणार, म्हणजे खिडकी बंद राहणार. नकार! एक शिक्षिका तर जवळजवळ ठरलीच होती हो. पण म्हणाली, इथे जाड पडदा लावीन. संपलं!"

मी स्वयंपाकघरात गेलो. सगळं घर रिकामं, फक्त खिडकीपाशी एक स्टूल. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी मीच घातलेली! महिन्यापूर्वी बायको म्हणाली होती, "मोडलं, टाकून दिलं." ओट्यावर थर्मास आणि एकच कप.

"हे कोणाचं?"

"मालकिणीचं. रोज दुपारी येतात, तासभर बसतात. मी एकदा विचारलं, बाई, बघता तरी काय? म्हणाल्या, बस वळते ते."

मी त्या स्टुलावर बसलो. खाली एक बस वळली. शाळा सुटली. पोरं ओरडत मैदानात पांगली. इथे राहावं, हिच्या शेजारी बसून या बसेस बघाव्यात, असं अगदी आतून वाटलं. टक्के गेले खड्ड्यात!

"मला हे घर हवंय," मी घोगरलो.

एजंटने लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"घरात किती माणसं?" बायकोचा आवाज. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट परीक्षा!

"दोघंच."

"पडदे लावणार?"

"मुळीच नाही!"

"खिडकीत कोण बसणार?"

"बायको."

"तिला विचारलंत का, हे घर हवंय का म्हणून?"

एजंट कोपराने ढोसतोय, "अहो, हो म्हणा की!"

"नाही विचारलं," मी म्हणालो. "बावीस वर्षांत नाही विचारलं. चुकलंच. ती भिंतीकडे बघत भाजी चिरते, मला रोज दिसतं, आणि मी पेपर वाचत बसतो." घोगरा आवाज कधीच गळून पडला होता.

एजंटलाच राहवेना, "बाई, देऊन टाका हो! मलाच भरून आलं!"

"देते," पलीकडचा आवाजही आता जरा ओला होता. "पण आधी त्यांना म्हणावं, माझा गॉगल काढा. मघापासून शोधतेय, म्हणून तर निघायला उशीर झाला!"

महिन्याभरात आम्ही राहायला आलो. जुन्या दोन खोल्या एका प्लंबरने घेतल्या. समोरचा पाइप बघून तो खूशच झाला! टक्केमास्तरांनी बोलणं टाकलंय. एजंटने मालकाची आणि भाडेकरूची, अशी दोन्हीकडची दलाली माझ्याकडूनच वसूल केली.

परवा म्हटलं, आपणही जरा खिडकीत बसावं. टेकतो न टेकतो तोच आवाज आला, "उठा! ती मालकिणीची जागा आहे. तुम्ही भाडेकरू."

"असं किती दिवस?"

"वर्षाचा करार. वागणूक बघून वाढवू."

मी निमूट उठलो आणि कांदा चिरायला घेतला. ओट्यापासूनही बस दिसते म्हणा, मान जरा वाकडी केली की!