चालू औषध जोडावे

शिक्षणाने प्रगती होते, हे जंतूंनी सिद्ध करून दाखवलं आहे. प्लेटकाकांच्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी तर जंतूंचा निकाल फारच चांगला लागला.

प्लेटकाका औषधशोध संस्थेत काचेच्या प्लेटा धुवायचे. ठिकठिकाणची माती आणायची, प्लेटमध्ये पसरायची आणि तिच्यात जंतू मारणारं काही सापडतं का ते बघायचं, हे संस्थेचं काम. अकरा वर्षांत शोध लागले ते असे: हरवलेला शिक्का – एक; गळके नळ – तीन; औषध – शून्य (काम प्रगतिपथावर).

लग्नाच्या धावपळीत काकूंच्या टाचेत खिळा घुसला. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ठणका थांबला, तसं काकूंनी उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या. "टाकायच्या कशाला? कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

पडल्या. नणंदेच्या दाढेला, शेजारणीच्या खोकल्याला, जावयाच्या सर्दीला. (सर्दीला या गोळ्यांनी काही होत नाही, पण जावयाचा मान राहतो.)

महिन्याभरात टाच पुन्हा चिघळली. आता डॉक्टरांची पाच औषधं एकामागून एक हरली.

काकांनी दारातल्या कुंडीतली माती पुडीत बांधून, काकूंच्या जखमेवरच्या पट्टीसकट, संस्थेत नेली. चौथ्या दिवशी एक्केचाळीस नंबरच्या प्लेटमध्ये, काकूंच्याच जखमेतल्या जंतूंच्या मधोमध, स्वच्छ गोल पडला; तेवढ्या जागेतले जंतू मेले होते.

"काका, अहो, सापडलं की!" संशोधक बाई ओरडल्या. मग आवाज उतरला. "पण माणसाला द्यायला वर्षं लागतील हो."

"मग आजच सुरू करा," काका म्हणाले.

फाइल मंजुरी देणाऱ्या समितीकडे गेली आणि शेरा घेऊन परतली: 'नव्या औषधाची तुलना चालू औषधाशी करणे बंधनकारक. चालू औषध जोडावे.'

"साहेब, चालू औषध असतं तर हे शोधलं कशाला असतं?" बाईंनी विचारलं.

"तो मुद्दा वेगळ्या अर्जात मांडा," समितीचे साहेब म्हणाले, शिंकले आणि खणातल्या पाकिटातली एक गोळी त्यांनी खबरदारी म्हणून गिळली.

पुढे तपासणी आली. मंजुरी नसलेल्या सर्व प्लेटा धुवाव्यात, असा हुकूम निघाला. काकांनी चाळीस धुतल्या. एक्केचाळिसावी बराच वेळ हातात धरली, मग तीही धुतली. काकांचं काम स्वच्छ, असा लेखी शेरा मिळाला.

काकूंच्या डब्यात अजून दोन गोळ्या आहेत. तुमच्याही घरात असा डबा आहे. हसून झालं की उघडून बघा.

काकू त्याच वर्षी, थोरलीच्या लग्नाला सात महिने झाले त्या बुधवारी सकाळी वारल्या.