जगबुडीची शेवटची अकरा पानं

सिनेमातलं जग बुडायला पाच मिनिटं उरली होती आणि थिएटरमधली सगळी माणसं खुर्चीच्या टोकाला सरकून बसली होती. घाबरून नव्हे. पुढं काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं, म्हणून.

पडद्यावर राखाडी धुकं पाण्याच्या टाकीच्या जिन्यानं वर चढत होतं. त्या धुक्यातून ती माणसं येत होती. डोळे पांढरे, तोंडं उघडी, अंगभर चिखल. वरच्या खोलीत एक आई, तिची मुलगी आणि टाकीचा म्हातारा रखवालदार एवढेच जगात शिल्लक होते. दार मोडलं. आईनं तोंड उघडलं. तिच्या आधी दीडशे प्रेक्षक एका आवाजात ओरडले,

"थांबा! पाय पुसून आत या!"

पडद्यावरच्या आईनं नुसती किंकाळी फोडली. मग त्या माणसांनी तिघांनाही खाल्लं. धुकं खिडकीतून बाहेर पडलं, सगळ्या पृथ्वीवर पसरलं आणि पडद्यावर नावं सुरू झाली.

"अहो मॅनेजर, पुढचं लावा की!" दातांचे डॉक्टर ओरडले.

"संपला सिनेमा," मॅनेजर दारातून म्हणाला.

"संपला कसा? त्यांनी पाय कुठं पुसले?"

"कुणी?"

"त्यांनीच! खाणाऱ्यांनी!"

मॅनेजर या गावात नवा होता. त्यानं डॉक्टरांकडं नीट बघितलं आणि दोन पावलं मागं सरला.

शेवटच्या रांगेत बसलेला बाइंडर मात्र खुर्चीत जमेल तेवढा खाली घसरला होता. पाय कुठं पुसले गेले हे त्या गर्दीत फक्त त्यालाच माहीत होतं. त्याच्या घरी.

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला होता, ती नऊ वर्षांपूर्वी वाचनालयाला कुणीतरी भेट दिली होती. देणाऱ्याच्या कुत्र्यानं शेवटची अकरा पानं आधीच खाल्ली होती. दुसरी प्रत बाजारात मिळत नव्हती. बाइंडरची बायको तिथं ग्रंथपाल होती. तिनं पुस्तक बांधायला घरी आणलं.

"अपुरं पुस्तक मी बांधत नाही," बाइंडर म्हणाला. हा त्याचा नियम होता आणि तो त्यानं बायकोसाठीही कधी मोडला नव्हता. "पानं आण, नाहीतर रद्दीत दे."

"अहो, आणते की. त्यात काय!"

पंधरा दिवसांनी तिनं अकरा पानं आणून त्याच्यापुढं ठेवली. तोच कागद, तोच टाइप. कुठून आणली विचारलं तर म्हणाली, "मिळाली." बाइंडर शिवता शिवता वाचत गेला. टाकीवरच्या खोलीचं दार मोडतं, ती माणसं उंबऱ्यावर येतात आणि आई कमरेवर हात ठेवून म्हणते, "थांबा! पाय पुसून आत या!" ती माणसं थांबतात. खाली बघतात. एकजण पायपुसण्यावर पाय घासतो, मग दुसरा. पुसता पुसता त्यांना आपापली घरं आठवतात आणि डोळ्यांत बुबुळं परत येतात.

'पाय पुसून आत या' हे बाइंडर बायकोच्या तोंडून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकत आला होता. नेहमीपेक्षा दोन टाके जास्त घालून त्यानं पानं शिवली.

तेव्हापासून सगळ्या गावानं ती एकच प्रत वाचली होती. गेल्या वर्षी बाइंडरची बायको गेली. वाचनालयात तिचा फोटो लागला आणि खाली निवृत्त हेडमास्तरांनी स्वतः मजकूर घातला, 'पुस्तकाच्या प्रत्येक पानाशी प्रामाणिक.' बाइंडरला ती ओळ रोज जाता-येता दिसायची. आता पानांचं बिंग फुटलं की ती खाली उतरणार, असं त्याला वाटलं.

थिएटरमध्ये हेडमास्तर उभे राहिले होते. "शेवट कापलाय तुम्ही. वेळ वाचवायला. आमच्याकडं पुरावा आहे."

"मी कशाला कापू?" मॅनेजर काकुळतीला आला. "रविवारी खुद्द लेखिकाबाईच येणार आहेत. त्यांनाच विचारा."

"विचारणारच! पुस्तक समोर ठेवून विचारणार!"

हेडमास्तरांनी त्याच संध्याकाळी वाचनालयातून पुस्तक काढलं आणि घरच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडर त्यांच्या दारात हजर.

"सर, ते पुस्तक जरा द्या. शिवण सैल झाली असेल. लेखिकाबाईंपुढं बरं दिसणार नाही."

"तुमची शिवण? सैल?" हेडमास्तरांनी पुस्तक आणलं, शेवटची पानं मुठीत धरली आणि हिसडा दिला. बाइंडरनं डोळे मिटले. पुस्तकातून साधा आवाजसुद्धा आला नाही. "बघा! नऊ वर्षं झाली, दोरा हललेला नाही. असं काम आता कोण करतं?"

आयुष्यात पहिल्यांदाच आपण चांगलं काम केल्याचा बाइंडरला पश्चात्ताप झाला.

तिथून तो थिएटरवर गेला. "लेखिकाबाईंचं वय झालंय म्हणे. कशाला त्रास द्यायचा? नका येऊ म्हणून कळवा."

"वा! कळवतो की!" मॅनेजर म्हणाला. "सगळी तिकिटं गेलीत, शाळेतनं बाकं आणायची वेळ आलीय. काका, तुम्ही पण त्या पाय पुसणाऱ्यांतलेच का?"

"मी मूळचाच," बाइंडर म्हणाला आणि घरी गेला.

रविवारी लेखिकाबाई आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात काठी. हेडमास्तरांनी पुस्तक शेवटच्या पानांवर उघडून त्यांच्या हातात दिलं. "बाई, हा तुमचा शेवट. आणि सिनेमात यांनी काय केलंय ते तुम्हाला माहीतच आहे."

बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. अकरा पानं होईपर्यंत थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मध्ये एकदा त्या मोठ्यानं हसल्या. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मीच लिहिलंय. सिनेमावाल्यांनी घोटाळा केला."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. फोटोखालची ओळ आता उतरणार नव्हती. बाइंडरनं आता सुटकेचा श्वास टाकून घरी जायला हवं होतं. उलट तोच बाकावर चढला होता.

"साफ खोटं!"

टाळ्या थांबल्या. सगळे वळले.

"ही पानं माझ्या बायकोनं लिहिलीत," बाइंडर म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी शिवलीत. तुमची पानं कुत्र्यानं खाल्ली होती. तिच्या एका शब्दावरही तुम्ही नाव लावायचं नाही."

"खाली उतरा, पडाल," लेखिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी सगळ्यांना मारलं होतं, मला चांगलं आठवतं. पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून मारलं. पण हे कुणी लिहिलं असं नुसतं विचारलं असतं, तर तुम्ही हात वर केला असतात?"

बाइंडरनं मान हलवली. नसता केला.

"म्हणून चोरी केली. ज्याचं असेल तो उठेल म्हटलं."

हेडमास्तरांचा चेहरा मात्र पडला होता. "म्हणजे आम्ही नऊ वर्षं खोटी पानं वाचली?"

"सर, धुक्यातून माणसं खाणारी माणसं येतात का?" बाई म्हणाल्या. "खोटी तर सगळीच कादंबरी आहे. खरं एवढंच एक वाक्य दिसतंय."

हेडमास्तरांनी बाईंच्या हातून पुस्तक परत घेतलं. मग म्हणाले, "फोटोखालची ओळ बदलावी लागेल."

बाइंडर बाकावरून उतरता उतरता थांबला.

"'प्रत्येक पानाशी प्रामाणिक' याच्याखाली जागा आहे," हेडमास्तर म्हणाले. "'पैकी अकरा स्वतःची' असं घालू."

सोमवारपासून मॅनेजरनंही तोडगा काढला. टाकीचं दार मोडलं की प्रेक्षक ओरडायचे आणि त्याच क्षणी तो सिनेमा बंद करून दिवे लावायचा. माणसं समाधानानं घरी जायची. या गावापुरतं जग बुडायचं थांबलं.

बाइंडर त्या रविवारी घरी आला. बायको गेल्यापासून तो चपला घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत जात असे; बोलणारं कुणी नव्हतं. आज तो उंबऱ्यावर थांबला. चपला बाहेर काढल्या आणि दोन्ही पाय पायपुसण्यावर नीट घासून आत गेला.

वळून बघितलं तर फरशीवर काळे ठसे. पायपुसणं वर्षभर कुणी धुतलं नव्हतं.

"बरं, बरं," तो मोठ्यानं म्हणाला, पायपुसणं उचललं आणि बादलीत भिजत घातलं.