रॅप, राजमा आणि बाहेरची नाली

"मॅडम, वर्गात वारा सरला तर परवानगी आधी घ्यायची की नंतर?"

हा प्रश्न मी प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर, माईकवर विचारला. "लुंबिनी, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई," असं माझ्या बाकावरच्या जेबानं डिवचलं होतं. झालं की!

पण प्रश्न खरा होता. माझं पोट कायम फुगतं, म्हणून डॉक्टरांनी लो-फॉडमॅप आहार लावलाय. पोटात आंबून वारा धरणारं सगळं बंद. गहू, कांदा, लसूण, राजमा बंद. ज्वारी, शेंगदाणे, काकडी चालू. आणि आमच्या नांदेडच्या शाळेत मंगळवारी 'समान डबा' असतो. सगळ्यांनी मैद्याचा रॅप आणायचा, आत राजमा-कांदा. फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो, सबब रंग जुळावा लागतो.

गेल्या मंगळवारी मी ज्वारीची गरम भाकरी गुंडाळून नेली, आत काकडी नि बिनलसणाची शेंगदाणा चटणी. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडम डबा बघून म्हणाल्या, "ही भाकरी आहे."

"गुंडाळलीय, मॅडम."

"गुंडाळल्यानं दर्जा बदलत नाही. पुढच्या वेळी नियमाप्रमाणे आण."

म्हणून तो प्रश्न. रॅपनं वारा होतो, असं मी कारण दिल्यावर तो धोरणात्मक ठरला आणि समिती नेमण्यात आली. मॅडम, विज्ञानाचे गुरुलिंग सर, आणि पालक प्रतिनिधी साक्षात माझे पप्पा. रॅपनं वारा होतो हा केवळ अर्जदाराचा आरोप असल्यानं समितीनं स्वतः रॅप खावेत, असं ठरलं. एकावरून निष्कर्ष निघत नाही, असं सर म्हणाले. मग प्रत्येकी दोन.

मी अर्जदार म्हणून दाराशी उभी. थोड्या वेळानं सरांची खुर्ची करकरली. मॅडम पंख्याकडे बघू लागल्या. पप्पांनी उठून खिडकी उघडली. मग दुसरी.

"बाहेर नाली तुंबून राहिली वाटतं," पप्पा म्हणाले.

"निश्चितच," मॅडम म्हणाल्या. सरांनी तर लगेच अनुमोदन दिलं.

अहवाल आला: वाऱ्याचा उगम शाळेबाहेरील आहे. रॅप निर्दोष. नालीबाबत संबंधितांना कळवावे. भाकरीस मनाई कायम.

"लुंबे, तीन मोठ्या माणसांएवढी नाली हाय म्हणे," जेबा हसून हसून बाकावरून पडायची राहिली.

संध्याकाळी पप्पा सोफ्यावर पोट धरून बसले होते. मम्मीनं हातावर ओवा ठेवला.

"पप्पा, तुम्ही तरी खरं बोलायचं ना!"

"लई शहाणी झालीस! चारचौघांत असलं बोलत नसतेत. आन् आपल्या घरात असलं कुणाला होत न्हाई," असं म्हणत पप्पा हळूच डाव्या अंगावर कलले. मम्मीनं शांतपणे टीव्हीचा आवाज वाढवला. तुम्हीही आत्ता वाचता वाचता कललात की. माझं लक्ष आहे.

मग मी टीव्हीसमोर उभी राहिले आणि निर्णय जाहीर केला.

"मंगळवारी मी भाकरीच नेणार. आणि पुन्हा समिती बसली, तर नाली कोणकोणत्या खुर्चीत बसली होती, ते माईकवर सांगणार. तुमच्यापासून सुरुवात, पप्पा!"