करामातला सरवा

इथं आखातात, करामा भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमधले धोंडेकाका रोज सकाळी भिंतीवरच्या फ्रेंच शेतकरणींना रामराम घालून ड्यूटीला जातात.

त्याला कारण आम्हीच. अबू धाबीच्या म्युझियममध्ये त्यांना हौसेनं आम्ही नेलं होतं. तिथं दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधलं एक चित्र होतं. कापणी झालेलं रान आणि पडलेली कणसं वाकून वेचणाऱ्या बायका. काका ओरडलेच, "अगं, हा तर सरवा! आमच्या बार्शीचा!" आणि बोट थेट चित्राला! गार्ड धावत आला. काका त्यालाच समजावायला लागले, "हबीबी, माय व्हिलेज! माय लेडीज!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, इट्स फ्रान्स," माझी लेक इरा म्हणाली. "अँड इट्स व्हीट."

"ज्वारीच आहे. पाटी लिहिणारा शहरातला असणार."

येताना काकांनी त्याच चित्राची छापील प्रत घेतली. तेव्हापासून आल्यागेल्याला चहाआधी सरवा ऐकावा लागतो. कापणीनंतर रानात राहिलेली कणसं गोरगरिबांनी वेचायची, तो सरवा. "मालक मुद्दाम चार कणसं मागं सोडतो. आणि वेचणारीला कुणी काही विचारायचं नसतं, काय?"

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याची, मंदारची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा आणि इराची शाळा अर्ध्यावर सोडायची. आम्ही कुणाला बोललो नव्हतो. पण त्याच आठवड्यापासून संध्याकाळी बेल वाजायला लागली. दारात काका, हातात डबा.

"कंपनीच्या मेसमध्ये उरलं. सरवा समज."

शेंगदाण्याची आमटी, पिठलं, भाकरी. मी म्हणायची, काय बाई नशीबवान मेस! एकदा रिकामा डबा द्यायला गेले, तर दार उघडंच. काका घामाघूम होऊन भाकऱ्या थापत होते. धड भाकऱ्या आमच्या डब्यात, मोडक्या स्वतःच्या ताटात.

"ही तुमची मेस?"

"विचारायचं नसतं म्हणून सांगितलंय ना!" काका माझ्यावरच खेकसले.

शेवटी मंदारला शारजात नोकरी लागली. मी पेढे घेऊन धावले. "काका, तुम्ही होतात म्हणून आम्ही तगलो. कधी विसरणार नाही. आता तुमचा डब्याचा त्रास खलास!"

"खलास?" काकांनी पेढा हातातच धरला. "चांगलं झालं पोरी. लई चांगलं झालं." मग परातीकडे बघत हळूच म्हणाले, "एकट्यापुरतं पीठ मळायचं फार जिवावर येतं गं."

मी त्यांच्या पिठाच्या डब्यातलं पीठ घेऊन परातीत ओतलं, चौघांना पुरेल इतकं.

"मळा," म्हटलं. "आमटी मी टाकलीय. आणि आज आमच्याकडंच बसायचं जेवायला."